पाच गाठी आणि जर्मन व्याकरण

रविवार, ता. २१ आक्टोबर १८८८. ठाणे.

लाल रुमालातून पंचांगे निघाली!

पोथी नाही — पंचांगे! जुनी, कडा वाळवीने खाल्लेली, एकंदर नऊ. दोन फळ्यांच्या मधे नीट दडपून बसवलेली. जाडी तितकीच, वजन तितकेच. वरून रुमाल तोच, दोरी तीच, गाठी पाचच्या पाच.

दसरा झाला की पोथ्यांना ऊन द्यायचे ही आमच्या घरची रीत. वडील हे काम स्वतः करीत, दुसऱ्याला जवळ येऊ देत नसत. (वडिलांना सारे गाव भाऊशास्त्री म्हणे, आम्ही घरात नुसते भाऊ.) चैत्रात ते गेले, म्हणून यंदा ते काम प्रथमच माझ्याकडे आले. बावीस पोथ्या अंगणात चटईवर मांडल्या आणि मानाची म्हणून ही शेवटी सोडली. आमच्या घराण्याचा उच्चारशास्त्राचा ग्रंथ हा — कोणता वर्ण तोंडात कोठून निघतो, जीभ कोठे टेकते, सारे त्यात. दुसरी प्रत कोठे नाही असे भाऊ सांगत.

ही पोथी वेगळ्या पेटीत असते; भाऊंची दृष्टी अधू झाल्यापासून त्या पेटीची किल्ली माझ्या जानव्याला आहे, भाऊ मागत तेव्हाच सोडून देत असे. दर गुरुवारी स्नान झाले की पेटी उघडून मी लाल रुमालाच्या गाठी मोजतो. पाच. दर गुरुवारी पाच! आणि परवाच्या दसऱ्याला ह्याच बोचक्यावर मी हळदकुंकू वाहिले. पंचांगांची पूजा केली मी!

आक्काला विचारले. आक्का माझी थोरली बहीण. कुंकू पुसल्यापासून, म्हणजे अकरा वर्षे, माहेरीच असते. सुपात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गाठी मोजून पोथी कळते का रे, चिंतू?"

हे काय उत्तर झाले? लिहून ठेवतो. पुढे उपयोगी पडेल.

सोमवार, ता. २२ आक्टोबर.

कोर्टात लक्ष लागले नाही. माझे काम नकला रुजू घेण्याचे — एकाने मूळ कागद वाचायचा, मी नकलेवर बोट ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून पाहायचे. चौदा वर्षांत माझ्या बोटाखालून काना निसटला नाही. आणि घरातून आख्खी पोथी निसटली!

आठवून आठवून एकच माणूस डोळ्यांपुढे येतो. तीन हिवाळ्यांमागे एक जर्मन साहेब आला होता — रायमर. लांबोडका, नाकावर चष्मा, डोक्यावर भली मोठी टोपी. आठ दिवस रोज आमच्या ओटीवर बसून भाऊंशी संस्कृतात बोलत असे. उच्चार असे की हसू आवरू नये. पण भाऊ हसत नसत. त्याच्या हनुवटीला हात लावून त्याला 'ऋ' म्हणायला शिकवीत! नंतर स्नान करीत, पण शिकवीत. मला ते मुळीच आवडले नव्हते. मी आठही दिवस त्याच्या कातडी पिशवीवर डोळा ठेवून होतो. तो गेला त्या दिवशी गाठी मोजल्या. पाच होत्या.

त्याला आणले कोणी? त्र्यंबकाने. त्र्यंबक भाऊंचा विद्यार्थी, माझा लहानपणचा सोबती, आता कल्याणच्या इंग्रजी शाळेत मास्तर. भाऊंचा माझ्यापेक्षा त्याच्यावर जीव. संथा मला दहा वेळा घ्यावी लागे, त्याला दोनदा. भाऊ म्हणत, "त्र्यंबक विचारतो. तू नुसता तपासतोस." हे वाक्य मी विसरलेलो नाही.

कोठेतरी पाणी मुरते आहे. आणि ते कल्याणच्या बाजूने मुरते आहे.

बुधवार, ता. २४ आक्टोबर.

पेटीचे कुलूप बदलले. आत आता चोरण्यासारखे काही नाही. तरी बदलले.

शनिवार, ता. १७ नवंबर.

आज टपालाने पार्सल आले. भाऊंच्या नावाचे! जर्मनीहून!

सुतळी कापली. आत पुस्तक. जाड, छापील. पहिल्या कोऱ्या पानावर शाईने, बाळबोध अक्षरात, संस्कृत ओळ — 'गुरूंना, शिष्याकडून' अशा अर्थाची. चोरी करून वर नमस्कार! पुढे पान उलटले. आमची पोथी! पहिल्या श्लोकापासून शेवटच्यापर्यंत, सुबक छापलेली, खाली बारीक टिपा.

दुपारभर वाचत बसलो. जीभ टाळूला कोठे लावायची, ओठ किती आवळायचे, श्वास केव्हा सोडायचा. भाऊ शिकवीत ते ते सारे. आमचीच पोथी मी प्रथमच वाचली, तीही परक्याने छापलेली. असो.

मूळ ग्रंथाच्या आधी सोळा पानांची प्रस्तावना आहे, सगळी जर्मन भाषेत. अक्षरे अशी की बाभळीचे काटे पसरावेत. त्यात फक्त विशेषनामे साध्या इंग्रजी लिपीत छापली आहेत, म्हणून ती लांबूनही दिसतात. नवव्या पानावर 'ठाणा'. अकराव्या पानावर 'त्रिंबक'!

मी पुस्तक मिटले. आक्का दारात उभी होती. म्हणाली, "भाऊंचं पुस्तक आलं वाटतं."

तिला कसे कळले की पुस्तक 'भाऊंचे' आहे?

रविवार, ता. २५ नवंबर.

त्र्यंबक आला होता. बातमी कशी लागली कोण जाणे. पुस्तक पाहून त्याच्या डोळ्यांत पाणी आले. मी बारकाईने पाहिले — खरेच पाणी होते. पण नाटकातही येते.

मी म्हणालो, "प्रस्तावनेत तुझं नाव आहे." तो म्हणाला, "असेल." असेल! ताकास तूर लागू देईना. मग आपणहूनच म्हणाला, "मुंबईला जर्मन पाद्री आहेत. माझ्या ओळखीचे एक आहेत. पुस्तक दे, आठ दिवसांत सगळं मराठीत उतरवून आणतो."

पाहा! एवढी घाई का? पुस्तक एकदा त्याच्या हाती गेले की काय परत येईल आणि काय नाही! आणि जर्मन पाद्री जर्मन साहेबाची चोरी मला सांगणार? दुसऱ्या कोणाला पैसे देऊन वाचून घेतले तरी तो खरे वाचतो आहे हे मी कशावर बोट ठेवून ताडू? मूळच समजत नसेल तर नक्कल रुजू घ्यायची कशी!

मी म्हणालो, "मी स्वतः वाचीन."

"जर्मन शिकून?"

"शिकून."

त्र्यंबक हसला. त्या हसण्याचा अर्थ मला अजून लागत नाही. भाऊ असते तर त्यांनाही हसू आले असते, असे काहीसे पुटपुटला.

ठरले. जर्मन शिकायचे. मास्तराशिवाय. प्रस्तावनेतून पुरावा काढायचा आणि मग शाळाखात्याच्या साहेबाकडे अर्ज. पुढल्या पावसाळ्यात कल्याणच्या शाळेचा हेडमास्तर निवृत्त होतो आहे, जागा त्र्यंबकाला मिळणार असे सगळे म्हणतात. चोर हेडमास्तर होता कामा नये.

रविवार, ता. ९ डिसेंबर.

मुंबईस जाऊन आलो. काळबादेवीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगातून इंग्रजीतून जर्मन शिकवणारे एक व्याकरण मिळाले, आणि एक कोश. व्याकरणाच्या आधीच्या धन्याने समासांत पेन्सिलीने शब्दार्थ लिहिले आहेत. ते चौदाव्या पाठापर्यंत. पुढे कोरे. तेथेच त्याने हाय खाल्ली असावी. तो कोण असेल? का शिकत होता? त्याचेही काही चोरीला गेले होते का?

दोन्ही पुस्तकांची पाठ चामड्याची. आक्का दाराशीच आडवी आली. "ते कातडं ओटीच्या आत आणायचं नाही. शिकायचं तर बाहेर बसून शीक, आणि हातपाय धुतल्याशिवाय माजघरात पाऊल टाकू नको."

म्हणजे मी सरस्वतीचा अभ्यास करणार ओटीवर, जोड्यांच्या शेजारी.

गुरुवार, ता. १३ डिसेंबर.

गुरुवार! मोजायला गाठी नाहीत. पहाटे उठून मुळाक्षरे मोजली.

यांचा 'स' आणि 'फ' एकाच साच्यातून काढल्यासारखे. 'ब' आणि 'व' जुळे भाऊ. आडवी रेघ एवढीशी पुढे आली की अक्षर बदलले. मोडीत काय काय फसवाफसवी चालते ती मला ठाऊक, पण हे छापील असून असे! खोटे दस्तऐवज करायला याहून सोयीची लिपी नसेल.

प्रत्येक नामाचे पहिले अक्षर मोठे. खुर्ची साहेब, टोपी साहेब, बटाटा साहेब. सगळेच साहेब म्हटल्यावर खरा साहेब ओळखायचा कसा?

एक स्वर असा की ओठ 'ऊ'चे करायचे आणि आतून 'ई' म्हणायचे. आरसा घेऊन बसलो. कुटुंबाने दारातून डोकावून विचारले, "दात दुखतो का हो?" आत जाऊन तिने आक्काला काही सांगितले आणि दोघी हसल्या. हसोत बापड्या.

बुधवार, ता. २ जानेवारी १८८९.

तीन लिंगे! इंग्रजीने टाकून दिलेली सगळी ह्यांनी जपून ठेवली आहेत. चमचा तो, काटा ती, सुरी ते — एकाच ताटाभोवतीची ही मंडळी, आणि त्यांच्यात एवढी फूट! पण हसायचे कोणाला? आपल्याकडेही भात तो, आमटी ती, लोणचे ते. मुलगी नपुंसकलिंगी आहे म्हणून पेन्सिलवाल्याने समासात उद्गारचिन्ह केले आहे. आमची कोकणातली मावशी नातीला 'ते चेडू' म्हणे, तेव्हा कोणी उद्गारचिन्ह केले नव्हते.

विभक्त्या चारच. संस्कृतात आठ. उरलेल्या चार कोठे गेल्या? यांना वस्तू गायब करायची सवय जुनीच दिसते.

व्याकरणातली उदाहरणे फार विचित्र. 'माळ्याच्या भावाने माझ्या काकांची टोपी पाहिली आहे.' का पाहिली? पुढच्या पाठात टोपी नाहीशी होते आणि माळ्याचा भाऊ 'बागेत नाही' असे वाक्य येते. ग्रंथकाराच्या हे ध्यानातही आलेले नाही. मला आले.

रविवार, ता. २० जानेवारी.

आज साक्षीदार सापडला!

बाळकुमचा राघो मीठ घेऊन आला. त्याचे मिठागर खाडीकाठी आहे, होडीही आहे. भाऊंच्या वेळेपासून आमच्याकडचे मीठ त्याचेच. बोलता बोलता मी विचारले, तो टोपीवाला साहेब आठवतो का?

"हा, आठवतं ना. मास्तर पन आठवतान."

"कोण मास्तर?"

"कल्यानचं त्रिंबक मास्तर. त्यांची गारी चुकलेली, तवा मीच नेलता होरीन. भरती व्हती. पांढरा बोचका मांडीव घेऊन बसलेलं. मी बोललू, मास्तर, ठेवा खाली, ता नाय! पानी उरंल म्हनून उराशी धरून बसलं, पोर धरतान तसा."

पांढरे बोचके! उराशी धरून! राघो आणखी काही सांगू पाहत होता — धक्क्यावर कोण आले होते, कोण काय बोलले. पण मला पाहिजे ते मिळाले होते. मिठाचे माप करून त्याला वाटेला लावले आणि जबानी त्याच्याच शब्दांत कागदावर उतरवली.

गुरुवार, ता. १४ फेब्रुवारी.

पेन्सिलवाला जेथे थांबला तो चौदावा पाठ ओलांडला. आता समासात सोबत कोणी नाही. एकदम एकटे वाटले.

लांब लांब सामासिक शब्द येतात, चार चार शब्द एकमेकांत अडकलेले. इंग्रजी शिकलेले लोक ह्यांना भितात म्हणे. मला काही भीती वाटली नाही. भाऊंनी समास सोडवायला शिकवले होते तसे सोडवले. परगावच्या बाजारात आपल्या आळीतला माणूस भेटावा तसे झाले.

कबूल करतो: मजा आली. पण हे पुराव्यासाठी चालले आहे.

मंगळवार, ता. ५ मार्च.

प्रस्तावनेचे पहिले वाक्य सुटले. अकरा दिवस लागले. साहेबाने त्यात हवेचे वर्णन केले आहे.

शनिवार, ता. २० एप्रिल.

भाऊंचे वर्षश्राद्ध. त्र्यंबक कल्याणहून आला. ब्राह्मण जेवले, मग तो आणि मी शेजारी बसलो. आक्काने त्याला न विचारता दुसऱ्यांदा खीर वाढली. मला विचारून वाढली.

त्याने पेटीकडे एकदाही पाहिले नाही. निर्दोष माणूस सहज पाहतो. न पाहायला प्रयत्न लागतो.

हात धुताना म्हणाला, "जर्मन कुठवर आलं?"

"प्रस्तावनेच्या चौथ्या पानापर्यंत."

"एवढं? भले! हळूहळू वाच. पण सोडू नको हं."

चोरच म्हणतो, सोडू नको! म्हणजे मी चिडून सोडून द्यावे हा डाव. मी ओळखला.

एक गोष्ट मात्र कोणाला सांगता येत नाही, म्हणून येथे लिहितो. जर्मनांचे क्रियापद लांब वाक्यात शेवटी येते, आपल्यासारखे. इंग्रज दुसऱ्याच शब्दाला सांगून मोकळा होतो; हा मात्र साऱ्या मंडळींना ओळीने बसवतो आणि कोण काय करणार ते अगदी अखेरीस सांगतो. तोवर दम धरावा लागतो. आज पिंडदान करताना वाटले, भाऊंना हे सांगितले असते तर ते मांडी ठोकून म्हणाले असते, "पुढे?" ते फार वेळा 'पुढे?' म्हणत. मला त्याचा राग येई. आज आला नाही.

रविवार, ता. १६ जून.

सापडले! पान अकरा. सकाळपासून चार वेळा ताडून पाहिले, बोट ठेवून. शंकाच नाही. मराठीत असे:

'आठव्या दिवसानंतर त्र्यंबकाने ती हस्तलिखित पोथी पांढऱ्या वस्त्रात गुंडाळून कल्याणास माझ्या मुक्कामी आणून दिली.'

पांढरे वस्त्र! राघोची जबानी आणि साहेबाचा छापील शब्द — मूळ आणि नक्कल तंतोतंत रुजू! सहा महिने ओटीवर जोड्यांशेजारी बसल्याचे चीज झाले. मी मोठ्याने ओरडलो. कुटुंब धावत आले. तिला सांगितले. ती म्हणाली, "त्र्यंबक भावजींनी? छे हो! पुढे काय लिहिलंय?"

पुढे काय असायचे ते असो. पाच पाने राहिली आहेत. पुरावा मिळाल्यावर कोर्टसुद्धा बाकीचे कागद वाचत नाही.

सोमवार, ता. १७ जून.

अर्ज रवाना केला. माझ्याच अक्षरात, तीन बंद कागद, राघोच्या जबानीसह. भाऊ, तुमची पोथी नेणाऱ्याला मी सोडले नाही.

रविवार, ता. १४ जुलै.

त्र्यंबक आला. छत्री उघडीच ओटीवर ठेवली आणि उभाच राहिला. खात्याने त्याच्याकडून खुलासा मागवला आहे. अर्ज त्याला दाखवला असावा.

"अक्षर तुझं आहे," तो म्हणाला. "दुसऱ्याकडून तरी लिहून घ्यायचा होतास रे."

मी म्हणालो, "पोथी तू नेलीस की नाही, एवढंच सांग."

"नेली."

कबूल! तोंडावर कबूल! मला वाटले होते कानावर हात ठेवील.

"का नेलीस?"

"प्रस्तावना पुरी वाचलीस?"

"मला पाहिजे होतं तेवढी वाचली."

तो खांबाला टेकला. भाऊ बसत त्या जागेकडे पाहत म्हणाला, "शेवटपर्यंत वाच. मग कल्याणला ये."

"तूच सांग ना. तोंड आहे ना तुला?"

"मला सांगता येत नाही, चिंतू. शब्द दिलाय."

"कोणाला?"

आक्काने आतून गूळपाणी आणले. त्याने पाणी घेतले, गूळ ठेवला. जाताना आक्काच्या पाया पडला. माझी बहीण चोराच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली! तो गेल्यावर मी तिला फाडफाड बोललो. ती एकच बोलली: "तुला वाचता येतं ना आता? मग वाच की."

शेवटी काय आहे हे त्याला वाचल्याशिवाय कसे ठाऊक? साहेबाची पत्रे येत असणार. संगनमत, दुसरे काय!

रविवार, ता. ११ आगस्ट.

कल्याणच्या शाळेला हेडमास्तर दुसराच आला, पुण्याकडचा. त्र्यंबकाचा खुलासा खात्याच्या साहेबाला पटला नाही म्हणतात. त्यात एकच ओळ होती म्हणे: 'गुरूंच्या आज्ञेने केले, अधिक सांगता येत नाही.'

मला आनंद झाला.

झाला का? झाला.

सोमवार, ता. १९ आगस्ट.

'गुरूंच्या आज्ञेने.' सारखे कानात येते. थाप असेल तर इतकी आखूड का? खोटे बोलणारा लांबण लावतो, हे कोर्टात रोज पाहतो.

व्याकरण पुन्हा काढले. पान बारा. माझा संशय खरा की खोटा एवढेच पाहायचे आहे.

शनिवार, ता. ७ सप्टेंबर.

पान बारा सरले, तेरावेही. चौदाव्यावर शास्त्रीबुवा बोलू लागले आहेत. म्हणजे भाऊ. साहेबाने त्यांचे बोलणे अवतरणचिन्हांत दिले आहे. 'माझा मुलगा' हे शब्द दोनदा आले.

आज येथेच थांबतो. उरलेल्या ओळी उद्या.

सोमवार, ता. ९ सप्टेंबर.

काल लिहवले नाही. आज लिहितो, जसे आहे तसे. पान चौदा व पंधरा:

'पोथी माझ्या हाती देण्याविषयी त्र्यंबकास सांगणारे स्वतः शास्त्रीबुवाच. त्यास निरोप देण्यास ते धक्क्यापर्यंत गेले होते. त्याआधी मला ते म्हणाले होते: "माझा मुलगा सज्जन आहे. ही पोथी तो जिवापलीकडे जपेल. पण उघडणार नाही. तो तिच्या गाठी मोजील. कोणी वाचायला मागितली तर देणार नाही, आणि स्वतःही वाचणार नाही. तोंडातून वर्ण कसा काढावा हे सांगणारा ग्रंथ आमच्या घरात मुका होऊन पडेल. तुम्ही वाचता, तुम्ही न्या." मी विचारले, मुलाला काय सांगाल? ते पुष्कळ हसले. म्हणाले: "रुमालात दुसरे काहीतरी बांधून ठेवतो, म्हणजे त्याला मोजायला गाठी राहतील. मी सांगणार नाही, आणि तो स्वतः हे वाचीपर्यंत त्र्यंबकाने सांगायचे नाही, अशी शपथ मी त्याला घातली आहे. तुम्ही मात्र तुमच्या पुस्तकात खरे ते लिहा. माझा मुलगा काही जर्मन वाचायचा नाही, तेव्हा मला त्याची बोलणी खावी लागणार नाहीत."'

बोट ठेवून ताडले. तीनदा. काना, मात्रा, काही निसटले नाही.

राघो धक्क्याचे सांगत होता. मी ऐकले नाही.

मला लाज वाटते. दुसरा शब्द नाही, दोन्ही भाषांत शोधला. भाऊंचा रागही येतो — एकदा बोलायचे होते ना मला! पण बोलले असते तर मी काय केले असते? कुलूप बदलले असते.

अर्ज मागे घेण्याचा अर्ज लिहिला. तो चार बंद झाला. वरातीमागून घोडे. साहेब वाचील न वाचील.

जानव्याची किल्ली सोडून आक्कापुढे ठेवली. म्हणालो, "तुला ठाऊक होतं." ती म्हणाली, "पंचांगं मीच निवडून दिली. भाऊंना दिसत कुठे होतं?" किल्ली तिने परत माझ्याकडे सरकवली. "मला कशाला? त्या पेटीत आहे काय आता?" मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "भाऊ एका बाबतीत चुकले मात्र. तू वाचलंस."

उद्या पहिल्या गाडीने कल्याण.

मंगळवार, ता. १० सप्टेंबर. कल्याण.

त्र्यंबकाच्या दाराला कुलूप.

शेजारच्या रखमाबाई बाहेर आल्या. "मास्तर ना? परवाच गेले हो. खानदेशात बदली झाली, बिऱ्हाडासकट गेले. तुम्ही ठाण्याचे चिंतोपंत का? पाच-सहा दिवस रोज स्टेशनच्या वाटेकडे बघत होते. याल म्हणून हे ठेवून गेलेत. विलायतेहून परत आलंय, भाऊशास्त्र्यांचं आहे म्हणाले."

पांढऱ्या धोतराच्या पानात गुंडाळलेली पोथी. गाठ एकही नाही. टोक नुसते खोचलेले.

त्याच्या बंद दारापुढे ओट्यावर बसलो, आणि पहिले पान मोठ्याने वाचले.